ॲप्रनच्या आतली माणसं

परीक्षा जवळ आली की मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयातली शांतता ताठरते. चौरसियाची पानं उलटत राहतात, रॉबिन्सवर पिवळे पट्टे ओढले जातात, आणि समोरासमोर बसणारी मुलं महिनोन्महिने एकमेकांचं नावसुद्धा विचारत नाहीत. सगळ्यांचे ॲप्रन सारखे, डोळ्यांखालची वर्तुळंही सारखी. कोण नंदुरबारचा, कोण सावंतवाडीची, कोण ऑल इंडिया कोट्यातून थेट केरळहून आलेला, याचा पत्ता कुणाला नसतो.

म्हणून २७ फेब्रुवारीची संध्याकाळ मला फार प्रिय. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. आमच्या ग्रंथपाल मॅडम त्या दिवशी अभ्यासिकेतली टेबलं भिंतीकडे सरकवून घ्यायच्या. संदर्भग्रंथांच्या कपाटापुढे पांढऱ्या चादरीवर डॉक्टरांनीच लिहिलेली पुस्तकं मांडलेली असायची: अरुण लिमये यांचं ‘क्लोरोफॉर्म’, रवी बापट यांचं ‘वॉर्ड नं. पाच, केईएम’, अभय बंग यांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’. निवासी डॉक्टर ड्यूटीतून वेळ काढून यायचे. सिस्टर यायच्या, वॉर्डातले मामा यायचे. एखाद्या पेशंटचे नातेवाईक दाराशी घुटमळत, तर मॅडम त्यांनाही आत बसवायच्या.

एका वर्षी अभिवाचन झाल्यावर मॅडमनी अभ्यासिका झाडणाऱ्या मावशींना पुढे बोलावलं. मावशींनी पदराला हात पुसले, खुर्ची नको म्हणाल्या आणि फरशीवरच बसल्या. एक पाय लांब केला, खुंटा धरावा तशी उजवी मूठ मिटली आणि ओव्या म्हणायला लागल्या. समोर जातं नव्हतं, पण खांदा गोल फिरत होता. आईच्या ओव्या झाल्या, भावाच्या झाल्या, पंढरीच्या वाटेच्या झाल्या. त्यांचा झाडू आला की आम्ही पुस्तकातून मान न काढता पाय तेवढे वर घ्यायचो. त्यांच्यापाशी एवढं धन होतं! त्यांच्यामागून केरळच्या मुलानं होड्यांच्या शर्यतीचं गाणं, वंचिप्पाट्टू, म्हटलं. मल्याळम कुणालाच येत नव्हतं, तरी सगळ्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. मावशींचाही ठेका पक्का होता.

तेव्हापासून अशा मेळ्यात मला एक जुनं छायाचित्र आठवतं. १० ऑक्टोबर १८८५, फिलाडेल्फियातलं विमेन्स मेडिकल कॉलेज, अधिष्ठात्यांचा स्वागतसमारंभ. तिघी विद्यार्थिनी शेजारी शेजारी आहेत: आपल्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी, सीरियाच्या साबात इस्लाम्बूली. तिघींच्या अंगावर आपापल्या देशाचा पोशाख. आनंदीबाईंनी प्रबंधाचा विषयही घरचाच निवडला होता, आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. १८८६ च्या मार्चमध्ये त्यांना पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला, बाविशीही पुरी होण्याआधी, पुण्यात त्या गेल्या. ते छायाचित्र आज ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात जपून ठेवलेलं आहे. ते पाहताना वाटतं, परक्या मुलखात परकी विद्या शिकायची, तरी आपण कुठून आलो ते अंगावरून उतरवायचं नाही, हे या मुलींना किती लवकर उमगलं होतं!

आता जर्नलं फोनवर येतात, संदर्भ घरबसल्या मिळतात. तरीही अभ्यासिका हवीच. वॉर्डात उतरंड असते आणि तिथे ती लागतेही. पण प्राध्यापक, पहिल्या वर्षाची पोरं आणि मावशी हुद्दा बाजूला ठेवून एका फरशीवर बसतील अशी दुसरी जागा कॉलेजच्या आवारात मी पाहिलेली नाही.

ओपीडीत तपासून झालं की एखादी आजी हमखास विचारते, “कुठलं गाव गं बाई तुझं?” बाहेर रांग असते. तरी मी थांबते, माझं गाव सांगते आणि तिचं विचारते. मग पाणी कुठून आणते, दिवसाला एस.टी. किती, घरी सोबतीला कोण, हे आपसूक निघतं. पुढची तारीख कोणती द्यायची, गोळ्या किती दिवसांच्या द्यायच्या, हे मी त्यावरूनच ठरवते. माणसाला त्याचं गाव विचारायचं असतं ही सवय मला त्या संध्याकाळींनी लावली. म्हणून मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या खर्चाइतकाच या कार्यक्रमांच्या खर्चालाही हक्काचा रकाना असावा, असं मी मनापासून मानते.