तारपा, अणुभट्टी आणि सहा फाशांचा डाव

बोईसरच्या एका पोराने वहीत दोन रकाने आखलेत. डावीकडे हेरकथा, उजवीकडे वारली दंतकथा. मधल्या रेघेवर त्याला टेबलावर खेळायचा भूमिका-खेळ रचायचाय.

असली सरमिसळ नवी नाही. 1989 च्या ‘शॅडोरन’ या भूमिका-खेळाने संगणकी भविष्यात चेटूक आणि ड्रॅगन आणून सोडले. 1996 च्या ‘डेडलँड्स’ने काउबॉयच्या मुलखात भुतं घातली, तिथला जादूगार मंत्र टाकताना पोकरचे पत्ते ओढतो. पानं चांगली पडली, तर मंत्र फळला. म्हणजे काउबॉयची टोपी नुसती शोभेला नाही, त्या मुलखाचा जुगारी स्वभावच खेळाचा नियम झाला.

बोईसरच्या पालघर जिल्ह्यात अशा जोड्या शोधाव्या लागत नाहीत. तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 पासून वीज देतंय आणि समुद्राच्या पाण्यावर थंड होतंय. शेजारी एमआयडीसीतले रासायनिक कारखाने. पूर्वेला डोंगराकडच्या वारली पाड्यांत लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघाट देवी बसते.

पोराने आधी नुसतं लिहिलं होतं : ‘हेराच्या घरी वारली चित्र.’ ती नुसती शोभा, म्हणून खोडलं. वारल्यांच्या तारपा नाचात तारपा हे फुंकवाद्य वाजवणाऱ्याकडे पाठ करत नाहीत, हे त्याला आठवलं. मग नियम झाला : तारपा वाजतोय तोवर हेराने त्याच्याकडे पाठ फिरवली, की हातातला एक पुरावा गेला.

आता अडलंय ते कारखान्याच्या रात्रपाळीच्या भोंग्याशी. तारपा आणि भोंगा एकदम वाजले, तर फासे कुणी टाकायचे?