उजवी बाजू

हृदय एक असे आपण म्हणत असलो, तरी त्याचे संसार दोन आहेत. उजवा भाग शरीरभर फिरून आलेले रक्त फुप्फुसांकडे धाडतो. डावा भाग तेथून शुद्ध होऊन आलेले रक्त सर्वांगास पुरवितो. आमच्या थोरल्या बंधूंचा डावा भाग थकला, तेव्हा चेन्नईस त्यांच्या हृदयाला यांत्रिक पंप जोडण्यात आला. १९६६ साली ह्यूस्टन येथे डॉ. मायकेल डबेकी यांनी एका रुग्णास असा साहाय्यक पंप लावून दहा दिवसांनी काढला होता. आज माणसे तो बॅटऱ्यांवर वर्षानुवर्षे वागवितात. या नव्या पंपांतून रक्त अखंड वाहत असते, म्हणून बंधूंची नाडी बहुधा हाताला लागत नाही.

परंतु पंप वाहतो तो डाव्याचाच भार. उजव्यास मदतनीस नसतो. उलट पंपाने पुढे लोटलेले सारे रक्त फिरून त्याच्याच दारी येते. गती फार वाढविली, तर मधला पडदा डावीकडे ओढला जातो आणि उजवा अधिकच दुबळा होतो. मग रक्त मागे तुंबते; पाय सुजतात, यकृत जड होते, पोटात पाणी साठते, अन्नावरची वासना उडते. डाव्याकडेही पुरेसे रक्त पोचत नाही आणि पंपाचे बळ व्यर्थ जाते.

गेल्या वर्षी चार दिवसांत बंधूंचे वजन तीन किलोंनी वाढले. ‘‘अन्न अंगी लागतंय,’’ असे ते हसून म्हणाले. वहिनींनी मात्र त्यांच्या घोट्यावर बोट दाबून पाहिले. खळगा तसाच राहिला. डॉक्टरांशी दूरध्वनीवर बोलून त्याच संध्याकाळी आम्ही हैदराबादहून निघालो.

तेथे हृदयाची सोनोग्राफी करून पंपाची गती थोडी उतरविली. लघवीवाटे पाणी काढणारे औषध शिरेतून दिले. उजव्याचे आकुंचन सुधारण्यासाठी मिलरिनोन आणि फुप्फुसांतील रक्तवाहिन्या सैल करणारे औषधही दिले. एवढ्याने न भागल्यास उजवीकडेही तात्पुरता पंप लावावा लागतो. अकरा दिवसांनी आम्ही परतलो. ती वेळ आली नाही.

तेव्हापासून पहाटे चहापूर्वी वजन करून वहीत मांडणे हा आमच्या घरचा नेम झाला आहे. यंत्राच्या पडद्यावरील आकडे ठीक असले, तरी पाय पाहिल्याशिवाय वही मिटत नाही. ज्यांच्या घरी असा रुग्ण असेल, त्यांनी वाढत्या वजनाला बाळसे समजू नये. त्याच दिवशी डॉक्टरांस कळवावे.