दोष लाकडाचा नाही

काल आमच्या गावातल्या बॅडमिंटन हॉलमध्ये गेलो होतो. दोन वर्षांपूर्वी उद्घाटनाची बातमी मीच केली होती. आज कोर्टच्या मधोमध लाकडी पट्ट्या वर आल्यात. पोरी तेवढा भाग चुकवून खेळतात. एकीचा पाय मुरगळलाय.

ठेकेदार म्हणतो, पाऊस जास्त झाला. साहेब म्हणतात, लाकूड हलकं निघालं. आमच्या आळीतल्या सुतारकाकांनी मात्र सुटलेली पट्टी उचलून दाखवली. खाली थेट काँक्रीट, प्लास्टिकचा कागद नाहीच! "अरे, ओल खालून आलीय. आणि भिंतीपाशी फटही सोडली नाही. लाकूड फुगून जाणार कुठं?"

काँक्रीट 28 दिवसांत ताकद धरतं, पण वाळत नाही. चार इंची स्लॅब वाळायला चार महिने तरी लागतात, पावसाळ्यात आणखी. जमिनीतली ओल तर कायमचीच. ती अडवायला जाड पॉलिथिनचा थर लागतो. तपासणीही साधी आहे. दीड फूट चौकोनी प्लास्टिक स्लॅबवर चारी बाजूंनी टेपने चिकटवायचं, 16 तासांनी उचलायचं. आतून पाणी धरलं किंवा काँक्रीट काळवंडलं, तर काम थांबवायचं. कोरडं दिसलं तरी मीटरने ओल मोजूनच पुढे जायचं.

उद्घाटनाला मी दिवे मोजले, पाहुण्यांची नावं लिहिली. लाकडाखाली काय घातलंय, हे विचारलं नाही. ही चूक माझी.

आता दुरुस्तीचं टेंडर निघणार म्हणतात. नुसत्या पट्ट्या बदलून भागणार नाही. आधी ओल मोजा, तो आकडा हॉलच्या दारावर लावा. या वेळी मी विचारणार आहे. तुम्हीही विचारा.