चाकोरीचे माप

मराठी समीक्षेत काही शब्द असे आहेत, की ते वापरताना लिहिणाऱ्याला काही खर्च येत नाही. ‘चाकोरीबाहेरचे’ हा त्यांपैकी एक. कादंबरी चाकोरीबाहेरची असते, कवी चाकोरीबाहेरचा असतो, एम.ए.च्या उत्तरपत्रिकांत तर चोखामेळ्यापासून अरुण कोलटकरांपर्यंत सगळेच चाकोरीबाहेरचे असतात. चाकोरी म्हणजे काय, असे वर्गात विचारले की ‘रूढ मार्ग’ हे उत्तर तत्काळ येते. ते चूक नाही. पण तो झाला अर्थ, वस्तू निराळी.

वस्तू अशी. आमच्या भंडारा जिल्ह्यासारख्या धानाच्या प्रदेशात पावसाळ्यात पांदणीतून बंडी जाते तेव्हा तिची चाके ओल्या मातीत रुततात आणि मागे दोन समांतर खाचा उरतात. पाऊस ओसरला की उन्हाने त्या खाचा वाळून कडक होतात. पुढची बंडी त्यांतूनच जाते आणि त्या आणखी खोल करते. ज्या बंडीच्या दोन चाकांतले अंतर वेगळे, तिचे एक चाक खाचेत राहते आणि दुसरे उंचवट्यावर चढते. ती कलंडत, हेलकावे खात जाते आणि त्याचा जाच बैलांच्या मानेला होतो. चाकोरी ही वाट खरी, पण त्याहीपेक्षा ती एक माप आहे. ते माप पाळायचे की मोडायचे, हे बंडी घडवतानाच ठरते.

हे सारे मनात पुन्हा जागे झाले ते एका मोटारीमुळे. माझा भाचा नागपुरात नोकरी करतो. त्याने एक जुनी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय घेतली. चाकणच्या कारखान्यात २००९ साली सुरू झालेले पोलोचे उत्पादन २०२२ साली थांबले. त्यामुळे ही मोटार आता कोणाच्या तरी हातून उतरलेलीच मिळते. काटेकोर अर्थाने तिला स्पोर्ट्स कार म्हणता येणार नाही. पण लहानशा देहात टर्बो इंजिन आणि स्वभावात अधीरपणा, एवढे गुण तिच्यात आहेत; आणि आमच्याकडच्या पगारांत स्पोर्ट्स कारचा हाच अवतार बसतो. गाडी आली त्या आठवड्यापासूनच भाच्याने तिची चाके बदलण्याचा ध्यास घेतला. पंधरा इंची चाके काढून सतरा इंची अलॉय चाके आणि त्यांवर पातळ टायर. “मामाजी, गाडी उभी असली तरी पळते आहे असं वाटलं पाहिजे,” असे त्याचे सौंदर्यशास्त्र.

टायरच्या भिंतीवर कोरलेला मजकूर मी तोवर कधी वाचला नव्हता. त्याच्या गाडीवर होता तो असा: १८५/६० आर १५. यात तीन निरनिराळ्या परिमाणांचा संसार आहे. १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६० हे शेकडा प्रमाण: टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १११ मिलिमीटर. १५ हा आतल्या चाकाचा व्यास, तो मात्र इंचांत. मधला ‘आर’ पुष्कळांना त्रिज्येचा वाटतो. तो रेडिअलचा आहे, टायरच्या आतले धागे कोणत्या दिशेने बसवले आहेत ते सांगणारा. पंधरा इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. त्यात वरची आणि खालची अशा दोन भिंती मिळवल्या की टायरचा पूर्ण व्यास ६०३ मिलिमीटर येतो.

चाके बदलणाऱ्याने सांभाळायचा आकडा हाच. वेगाचा काटा रस्ता मोजत नाही, चाकाच्या फेऱ्या मोजतो. व्यास तीन टक्क्यांनी वाढला, तर काटा शंभर दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात एकशे तीनने जात असते. म्हणून बाहेरचा व्यास तीन टक्क्यांहून अधिक हलू देऊ नये, असे जाणकार सांगतात. आता आतले चाक पंधराचे सतरा इंच करायचे आणि बाहेरचा व्यास तोच राखायचा, तर मधले रबर कमी होणार हे उघड आहे. वृत्ताचा अभ्यास केलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. ओळीच्या मात्रा ठरलेल्या असल्या की एक गुरू वाढवताना दोन लघू गमवावे लागतात. भाच्याच्या मनात होते ते माप २०५/४० आर १७. त्याचा व्यास ५९६ मिलिमीटर, म्हणजे जवळपास मूळचाच. पण भिंतीची उंची १११ वरून ८२ वर आली. चाकाचा जो झळाळ वाढतो, तो या एकोणतीस मिलिमीटर रबराच्या बदल्यात.

रबराच्या या भिंतीत हवा असते आणि खड्ड्याचा पहिला तडाखा तीच सोसते. ती उंच असेल तर वळणावर थोडी वाकते, गाडीचे उत्तर क्षणभर उशिरा येते. वेगाच्या शौकिनाला ते खपत नाही. ती ठेंगणी असेल तर वळण नेमके कापले जाते, पण खड्ड्याची धार थेट चाकाच्या काठाला भिडते. मग धातू वाकतो किंवा तडकतो आणि टायरला फुगा येतो. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर भंडारा ते नागपूर जाताना पातळ टायर शोभून दिसतील. पावसाळ्यानंतर लाखांदूर-पवनीच्या बाजूला आत वळले की रस्ता प्रत्येक मिलिमीटरचा हिशेब मागतो.

आणखी एक माप आहे, ते मला सर्वांत उद्बोधक वाटले. पोलोचे चाक शंभर मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्टांनी बसते आणि मधले भोक ५७.१ मिलिमीटरचे असते. इथे तडजोड नाही. न जुळणारे चाक बसतच नाही, बसवलेच तर थरथरते. पण चाक जिथे बसते तो भाग चाकाच्या मध्यरेषेपासून किती आत वा बाहेर आहे, याला ऑफसेट म्हणतात आणि त्यात निवडीला वाव असतो. हा आकडा कमी केला की चाक बाहेर सरकते, गाडी रुंद पाय रोवून उभी असल्यासारखी दिसते. त्याच वेळी आतल्या बेअरिंगवरचा ताण बदलतो आणि मागे दोन माणसे बसली की टायर मडगार्डला घासू लागण्याचा संभव असतो. म्हणजे गाडीची चाकोरी खरोखरीच रुंदावते. ज्या मुलाने हा शब्द परीक्षेतही कधी लिहिला नसेल, तो चाकोरीविषयी मिलिमीटरच्या भाषेत बोलत होता.

लाकडी चाकाच्या कारागिरांकडेही हे शास्त्र होते. मधला तुंबा, त्यात बसवलेले आरे, आऱ्यांना जोडणारा लाकडी घेर आणि घेरावर लोखंडी धाव. धाव मुद्दामच घेरापेक्षा किंचित लहान करायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवायची, फुगली की चाकावर चढवायची आणि वर पाणी ओतायचे. आकसताना ती सगळे सांधे आवळून घेते. फार लहान झाली तर आरे दबतात, सैल राहिली तर उन्हाळ्यात लाकूड सुकताच निसटते. ‘धाव’ हा शब्द आता वर्गात फक्त धावण्याचा किंवा क्रिकेटचा उरला आहे. ‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’ ही म्हण मुलांना पाठ असते. नळा म्हणजे गाडीला टांगलेले वंगणाचे नळकांडे, हे मात्र सांगावे लागते.

आमच्या जिल्ह्याची अस्सल स्पोर्ट्स कार म्हणजे शंकरपटातला छकडा. त्यावर धुरकऱ्याखेरीज ओझे नाही. हलकेपणा हेच त्याचे सामर्थ्य. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने शर्यती बंद झाल्या, डिसेंबर २०२१ मध्ये राज्यात त्यांना पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यासाठीचा कायदा वैध ठरवला. पट पुन्हा भरू लागले, पटाच्या रात्री झाडीपट्टीची नाटकेही. पण पटाचा कितीही शौकीन शेतकरी असो, तो धानाची पोती छकड्यावर लादत नाही आणि बंडी पटात उतरवत नाही. कोणते चाक कशासाठी, हा विवेक तिथे आधीपासून आहे.

भाच्याची अडचण हीच होती, की त्याच्या एकाच गाडीला छकडाही व्हायचे होते आणि बंडीही. माझी बहीण लाखांदूरला असते. दोन वर्षांपूर्वी तिच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून तपासणीसाठी तिला पवनी, भिवापूर, उमरेडवरून नागपूरला न्यावे लागते. मागच्या आसनावर उशी ठेवून ती बसते आणि प्रत्येक गतिरोधकापूर्वी हाताने आसन घट्ट धरते. मी भाच्याला काही सुचवले नाही. त्याने एका कागदावर चार मापे एकाखाली एक लिहिली होती. पुढे व्यास, भिंतीची उंची, भार. शेवटी त्याने पंधरा इंची चाके तशीच ठेवली आणि टायर घेतले १९५/५५ आर १५. व्यास ५९५ मिलिमीटरच्या वर, भिंत १०७. रुंदीत दहा मिलिमीटर मिळाले, उंचीत चार गेले. भार-निर्देशांक ८५, म्हणजे एका टायरला ५१५ किलो. सतरा इंची चाकांचे छायाचित्र अजून त्याच्या मोबाइलवर आहे. त्यात मला विसंगती दिसत नाही. हौस संपलेली नाही, तिला तूर्त माप सापडले आहे.

साहित्यातल्या नवतेविषयी बोलताना आपण इतका हिशेब क्वचित मांडतो. केशवसुतांनी सुनीत मराठीत आणले, एवढे म्हणून त्यांना चाकोरीबाहेर काढून मोकळे होतो. प्रत्यक्षात चौदा ओळींचे ते परके चाक मराठीच्या आसावर बसावे म्हणून अक्षरगणवृत्तांची भोके जुळवावी लागली. पुढे मराठी सुनीत बहुधा शार्दूलविक्रीडितातच रमले. काय बाहेर सरकले, काय जागच्या जागी राहिले आणि वाढलेला भार कशावर आला, हे तीन प्रश्न प्रत्येक ‘चाकोरीबाहेरच्या’ कृतीला विचारता येतील. यंदा बी.ए. तृतीय वर्षाच्या वर्गात तेच विचारायचे ठरवले आहे. त्याआधी मात्र मुलांना एखाद्या पांदणीत नेऊन, दोन खाचांमधले अंतर टेपने मोजायला लावणार आहे.