पाच मिनिटांची आई

पाळलेली सशीण अचानक व्याली की दोन दिवसांच्या आत तिच्यावर एक आरोप येतोच: तिने पिल्लं टाकली. दोन्ही माद्याच आहेत अशा खात्रीने आणलेल्या जोडीतली एक तोंडात गवताच्या आडव्या काड्या धरून पिंजऱ्यात फिरू लागते, छातीचे केस उपटते, कोपऱ्यात केसांचा पुंजका जमतो आणि एका सकाळी तो पुंजका हलू लागतो. घरात धांदल उडते. मग दिवसभर सगळे टक लावून पाहतात, तर ही पिल्लांकडे फिरकतही नाही. पलीकडच्या कोपऱ्यात पाय पसरून पडून राहते. गाय वासराला चाटते, मांजर पिल्लांना पोटाशी घेते, कोंबडी पंखाखाली घेते. आपण आईपण पाहिलेलं आहे ते असं, आणि त्या मापाने सशीण निर्दय ठरते. हे माप तिला लावणंच चुकीचं आहे, असं माझं ठाम मत आहे. तिचं दूर राहणं हीच तिची राखण असते, आणि ते न समजल्याने घाबरून केलेल्या उपायांत पिल्लं दगावतात.

घरात पाळतात तो ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळात राहणारा. आपल्या माळावर दिसतो तो ससा निराळा: त्याची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच उघड्यावर जन्मतात. मराठीत दोघेही ससेच, त्यामुळे फरक लक्षात येत नाही. बिळातल्या सशिणीची पिल्लं मात्र उघडीनागडी, आंधळी, माणसाच्या अंगठ्याएवढी असतात. अशा पिल्लांपाशी ती बसून राहिली, तर तिच्या वासावरून खोकड थेट तिथे पोचेल. म्हणून रानात ती पिल्लांसाठी वेगळं, आखूड बीळ खणते, साधारण २४ तासांतून एकदा, बहुधा अंधारात येते, तीन ते पाच मिनिटं पाजते, बिळाचं तोंड मातीने बुजवते आणि निघून जाते. एवढ्याशा वेळात भागतं, कारण दूध विलक्षण दाट असतं. गाईच्या दुधाच्या जवळजवळ तिप्पट स्निग्धांश त्यात असतो. आठवडाभरात पिल्लांचं वजन दुप्पट होतं. तिच्या येण्याची वेळ झाली की पिल्लं केसांच्या थरातून आपणहून वर येतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवून दिलं, की दुधातल्या एका गंधद्रव्यामुळे आंधळी पिल्लं क्षणात आचळ शोधतात. ती गेली की पिल्लं मुततात आणि पुन्हा केसांत खोल शिरतात. जाताना ती चार लेंड्या तिथे टाकून जाते; पुढे पिल्लं त्या कुरतडतात आणि त्यांतले जंतू त्यांच्या आतड्यात रुजतात. जिने एवढं केलं, तिने पिल्लं टाकली असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

यावर कुणी म्हणेल, काही सशिणी खरोखरच पाजत नाहीत, विशेषतः पहिलटकरणी. खरं आहे. पण त्याचा पुरावा आईच्या वागण्यात शोधू नये, पिल्लाच्या पोटात शोधावा. पाजलेल्या पिल्लाचं पोट टम्म असतं आणि कातडी ताणलेली. उपाशी पिल्लाच्या अंगावर सुरकुत्या पडतात. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज ठरावीक वेळी पिल्लं तोलली, तर शंकेला जागा राहत नाही. माणसाचा हात लागला की आई पिल्लं सोडते ही समजूत पाळीव सशिणीच्या बाबतीत खोटी आहे. उलट एका बाबतीत हात लावणं भागच आहे: खोक्याबाहेर आलेलं पिल्लू सशीण मांजरीसारखी तोंडात धरून परत नेत नाही. ते तिथेच गारठतं. ते ओंजळीत उबवून भावंडांत ठेवावं, मेलेलं असेल ते उचलावं. मात्र ड्रॉपरने गाईचं दूध पाजायची घाई नको. ते सहज श्वासनलिकेत जातं. पोटं रिकामीच दिसली, वजन घटलं, तर सशांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी जावं.

दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा: मग सगळं निसर्गावर सोपवा. पण फ्लॅटमधल्या पिंजऱ्यात निसर्ग आहे कुठे? खणायला माती नाही, बुजवायला बिळाचं तोंड नाही, नरापासून पळायला वाट नाही. ते बीळ आपणच द्यायचं: तिला वळता येईल एवढं खोकं, भरपूर सुकं गवत, टीव्ही आणि कुत्र्यापासून लांबचा काळोखा कोपरा. तिशीपलीकडचं तापमान सशांना सोसत नाही, त्यामुळे मे महिन्यात नागपूर-परभणीकडे तर गारव्याची सोय आधी हवी. आणि सशीण व्याली त्याच दिवशी नर वेगळा करायचा. सशिणीचं बीज ठरावीक दिवसांनी सुटत नाही. मिलनानंतर दहा-एक तासांनी सुटतं आणि व्याल्यावर काही तासांतच ती पुन्हा गाभण राहू शकते. गर्भकाळ ३० ते ३२ दिवसांचा. म्हणजे पहिली पिल्लं महिन्याची होतात तोवर दुसरं वेत दारात. जोडी तोडणं क्रूरपणाचं नाही का, असं विचारणाऱ्यांची कळकळ मला मान्य आहे. ससा सोबतीचाच प्राणी. पण शेजारी पिंजरे ठेवून, जाळीतून वास आणि दर्शन राखून सोबत टिकते. नराची नसबंदी करून घ्यावी, आणि त्यानंतरही चार ते सहा आठवडे तो लांबच हवा, कारण तेवढा काळ बीज शिल्लक राहू शकतं. मादीचीही शस्त्रक्रिया पुढे करावी. वाढत्या वयात सशिणींमध्ये गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो.

या बाळंतपणाला अनपेक्षित म्हणणं तसं अर्धंच खरं. बाजारात महिन्या-दीड महिन्याची पिल्लं ‘जोडी’ म्हणून विकली जातात, आणि त्या वयात नर-मादी ओळखताना जाणकारही चुकतात. नराची वृषणं खाली उतरतात ती साधारण अडीच-तीन महिन्यांनी. लहान जातींच्या माद्या चौथ्या महिन्यात गाभण राहू शकतात. मधले दिवस हातात असतात, फक्त कुणी शेपटीखाली पुन्हा पाहत नाही. आता खोक्यातल्या पिल्लांचे डोळे दहा-बारा दिवसांनी उघडतील, तिसऱ्या आठवड्यात ती बाहेर उड्या मारतील, आठव्याला दूध सुटेल. तेव्हा एकेकाला मांडीवर उताणं घेऊन पाहायचं, शंका राहील त्याला दहाव्या आठवड्यात पुन्हा घ्यायचं, आणि भाऊ-बहिणींचे पिंजरे वेगळे करायचे.