घडीची बैठक

परप्रांती नेमणूक झालेल्या माणसाला स्नेही कोठे भेटेल याचा नेम नाही. आमची व एका वैमानिक गृहस्थांची ओळख येथील गणेशोत्सवात, प्रसादाच्या रांगेत झाली. मोदक उकडीचा खरा की तळणीचा, असा वाद आमच्या पुढे अस्सल मराठीत चालला होता. आम्ही त्यात तोंड घातले, आणि वाद मिटला नाही तरी स्नेह जडला. हे गृहस्थ मूळचे नागपूरचे. कंपनीने त्यांचा तळ हैदराबादेस ठेवला आहे. पत्नी चेन्नईतील एका महाविद्यालयात शिकवितात, मुलगी येथील शाळेत आहे. तेव्हा आम्ही जशी रोज क्रोमपेटहून बीच स्टेशनची गाडी पकडतो, तसे हे कामावर जाण्यासाठी विमान पकडतात. प्रथम ऐकले तेव्हा आम्हांस हसू आले. स्वतः विमान चालविणाऱ्याने दुसऱ्याच्या विमानात जागा मागावयाची, हे आचाऱ्याने पंगतीत पान मागण्यासारखे वाटले.

“तसेच आहे,” ते म्हणाले, “आणि पंगत भरलेली असली तर स्वयंपाकघरात पाटावर बसावे लागते.”

हा पाट म्हणजे कॉकपिटातील घडीची बैठक. दोघा वैमानिकांच्या पाठीमागे अशी एक, क्वचित दोन बैठका असतात. त्यांच्या व्यवसायात तिला जंपसीट म्हणतात. एरवी ती तपासनिसासाठी. परंतु प्रवाशांची आसने भरली की घराकडे निघालेला वैमानिक तिच्यावर बसून जातो. अमेरिकेत तर हजारो वैमानिक एका शहरी राहतात व दुसऱ्या शहरी कामावर रुजू होतात. तेथे एका कंपनीचा माणूस दुसऱ्या कंपनीच्या विमानातही असा जाऊ शकतो. आपल्याकडचा मामला त्या मानाने लहान.

या बैठकीचा शिष्टाचार त्यांनी आम्हांस मोठ्या चवीने सांगितला. विमानात शिरताच प्रथम कॅप्टनपुढे उभे राहावयाचे, ओळखपत्र दाखवावयाचे आणि आपली हरकत नसेल तर, अशा शब्दांत विचारावयाचे. हाती कंपनीचा कागद असला तरी विचारावयाचेच, कारण त्या दाराच्या आत शेवटचा शब्द कॅप्टनचा. कॅप्टन वयाने दहा वर्षांनी लहान असला तरी आवाज तोच ठेवावयाचा. पिशवी ते सांगतील तेथे. विमान १०,००० फुटांच्या खाली असेतोवर कामाव्यतिरिक्त अक्षर काढावयाचे नाही. विमान टेकले कसे, यावर मुळीच बोलावयाचे नाही. स्तुतीसुद्धा नाही! स्तुती करणारा म्हणजे आपण होऊन झालेला परीक्षक. आणि उतरताना आभार मानल्याशिवाय पाऊल बाहेर टाकावयाचे नाही.

कॅप्टनने पाहुण्याचा चेहरा निरखून पाहण्यास आता निराळेही कारण आहे. २००१ च्या सप्टेंबरातील अमेरिकेच्या घटनेनंतर जगभर कॉकपिटाची दारे मजबूत झाली. परंतु हा पाहुणा दाराच्या आतला. २२ ऑक्टोबर १९२३ नव्हे, २०२३ रोजी (शतकाची चूक आमच्या लेखणीला कचेरीतील जुन्या फायलींनी लावली आहे) अमेरिकेच्या वायव्य भागात याच बैठकीवर बसलेल्या एका रजेवरील वैमानिकाने दोन्ही इंजिने बंद पाडणाऱ्या दांड्यांना हात घातला. चालकांनी त्याला आवरले म्हणून लोक वाचले.

चुरस कशी असते, हे मात्र त्यांनी जरा थांबून सांगितले. शेवटचे रात्रीचे विमान, बैठक एक, आणि घरी जाणारे दोघे. एकदा ते स्वतः धावत आले तेव्हा त्यांच्याच कंपनीतील एक तरुण सहवैमानिक दोन तासांपासून उभा होता. नियमाने ज्येष्ठाची जागा. तरुण बाजूस झाला, “जा, सर” म्हणाला, आणि हे आत गेले. “नियम माझ्या बाजूचा होता,” ते म्हणाले. मग पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत.

त्या रात्री आमच्या लक्षात आले की आम्हीही गेली चार वर्षे घडीच्या बैठकीवरच आहोत.

बीच ते तांबरम हा सुमारे २९ किलोमीटरांचा मार्ग. १९३१ साली येथे विजेची गाडी सुरू झाली, तीही मीटरगेजवर. तो अरुंद रूळ २००४ पर्यंत टिकला. सकाळी गाडी तांबरमहून सुटते, तेव्हा तांबरमचे लोक बाकांचे वतनदार. मधे सॅनेटोरियम, मग आमचे क्रोमपेट. (क्रोम लेदर या कातडे कमावणाऱ्या कारखान्यावरून हे नाव पडले, हे कळल्यापासून आमच्या सौभाग्यवतींना पत्ता लिहिताना आनंद होत नाही.) क्रोमपेटपर्यंत तिघांचे बाक तिघांनी भरलेले असते. उरते ती चौथी जागा, आणि ती मागून मिळते. “कोंजम तळ्ळुंगो, सार” म्हणजे थोडे सरका. हे तीन शब्द ज्याला नीट म्हणता आले त्याचे तमिळ निम्मे झाले असे आम्ही समजतो.

चौथ्याचे नियम कोठे छापलेले नाहीत. त्याने पाठ टेकू नये, वर्तमानपत्र उलगडू नये, डबा मांडीवर घ्यावा पण कोपर बाहेर काढू नये. सेंट थॉमस माउंट, गिंडी किंवा मांबलमला कोणी उठला की चौथा तिसरा होतो, आणि समोर कडी धरून जो सर्वांत आधीपासून उभा असेल तो चौथा. कोण कोठे उतरतो हे पाठ असलेला मनुष्य उभे राहण्याची जागाच विचारपूर्वक निवडतो. मांबलमला उतरणाऱ्या एका स्थूल गृहस्थांपुढे उभे राहण्यासाठी आम्ही व टपाल खात्यातील एक सज्जन यांनी सबंध एक पावसाळा जी मूक झुंज दिली, तिच्यापुढे खात्यांतर्गत परीक्षेची चुरस फिकी. आम्ही साताऱ्याचे, तरी बाकावरील मंडळी आम्हांस ‘बंबई सार’ म्हणतात. दोन वर्षे आम्ही दुरुस्ती केली, मग सोडून दिली.

वाटेत तिरुसुलमला गाडी थांबते. समोरच विमानतळ. १९३२ च्या ऑक्टोबरात टाटांचे पहिले हवाई टपाल जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईस आणले, आणि तेथून बल्लारीमार्गे मद्रासेस नेव्हिल व्हिन्सेंट यांनी. मुंबईहून मद्रासेस पाठविलेल्यांत ते आमचे पूर्वसूरीच म्हणावयाचे. त्यांना टपालाच्या थैल्यांची सोबत होती, आणि थैल्या सरकण्यास सांगत नाहीत.

आता जे सांगावयाचे ते. गेल्या वर्षी जूनमध्ये एक तरुण आमच्या डब्यात येऊ लागला. बिहारकडचा असावा, गळ्यात केंद्र सरकारच्या कचेरीचे ओळखपत्र, बूट नवे, तमिळचा गंध नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी सेंट थॉमस माउंटला आमच्या बाकावरची जागा रिकामी झाली व तो बसला. ती जागा गिंडीला चढणाऱ्या एका बँकेतील वृद्ध गृहस्थांसाठी ठेवण्याचा बाकाचा परिपाठ होता. त्याला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. बाकावर तमिळमध्ये बोलणे सुरू झाले. शिवीगाळ नव्हती, तो कोठला, त्याच्याकडचे लोक कसे असतात, यावर हसत हसत चाललेले बोलणे. माणसाला आपले नाव निघाल्याचे भाषेवाचूनही कळते. त्याने चारी बाजूंस पाहिले, आमचा चेहरा त्याला त्यातल्या त्यात जवळचा वाटला, आणि त्याने हिंदीत विचारले, “हे काय म्हणताहेत, सर?”

आम्हांस सर्व समजले होते. आम्ही म्हणालो, “तेरियादु.” ठाऊक नाही. आणि तमिळमध्ये म्हणालो.

बाकावरची मंडळी खूष झाली. कोणी आमच्या गुडघ्यावर थाप मारली. गिंडीला तो मुलगा उठला, वृद्ध गृहस्थ बसले, आणि दुसऱ्या दिवसापासून आम्हांस न मागता जागा मिळू लागली. मुलगा पुन्हा त्या डब्यात दिसला नाही. मंडळी वाईट नाहीत, हेही सांगितले पाहिजे. आमची कन्या तापाने फणफणली होती तेव्हा डॉक्टरांकडे रात्री गाडी घेऊन आले ते याच बाकावरचे गृहस्थ.

ही हकीगत आम्ही वैमानिक स्नेह्यांस सांगितली. पाहुण्याने यजमानांच्या बोलण्यात पडू नये, असे त्यांच्याच शिष्टाचाराचे समर्थनही जोडले. त्यांनी उत्तरादाखल २८ ऑक्टोबर २०१८ ची गोष्ट सांगितली. बालीहून जाकार्तास निघालेले लायन एअरचे विमान उड्डाण करताच पुनःपुन्हा नाक खाली घालू लागले. घडीच्या बैठकीवर त्या दिवशी ड्यूटीवर नसलेला एक वैमानिक होता. तो गप्प बसला नाही, दोघांच्या मदतीस आला. नाक खाली ढकलणाऱ्या यंत्रणेची वीज तोडण्यात आली आणि विमान जाकार्तास पोहोचले. दुसऱ्या दिवशी तेच विमान निराळ्या चालकांनी नेले. हा माणूस त्यात नव्हता. विमान जावा समुद्रात पडले. १८९ माणसे होती, एकही वाचले नाही.

“१०,००० फुटांखाली गप्पा मारू नयेत असा नियम आहे,” ते म्हणाले. “गप्पा.” मग त्यांनी कॉफी मागविली.

त्यानंतर काही दिवसांनी आम्ही क्रोमपेटच्या फलाटावर नेहमीच्या जागी न थांबता मागच्या टोकाकडे चालत गेलो. तो मुलगा तेथे होता. बूट आता जुने झाले होते. गाडी आली, आम्ही त्याच्या मागोमाग शिरलो. त्या डब्यात आम्हांस कोणी ओळखत नव्हते, त्यामुळे आमची चौथी जागाही नव्हती. दोघेही दाराजवळ कडी धरून उभे राहिलो. त्याने आम्हांस ओळखले की नाही, हे चेहऱ्यावरून कळेना. जे म्हणावयाचे ते आम्ही घरून ठरवून आलो होतो. ते ओठांवर येईना. पल्लावरम गेले, तिरुसुलम गेले. शेवटी आम्ही हिंदीत एवढेच विचारले की कोठे उतरता?

“पार्क, सार,” तो म्हणाला, आणि स्वच्छ तमिळमध्ये विचारले, “नींग?”

आम्ही म्हणालो, बीच.