वेदनेची शुभवार्ता
डॅशहुंड हा जर्मनीत बिळांतील शिकारीसाठी जोपासलेला, लांब पाठीचा कुत्रा. ज्या आनुवंशिक गुणामुळे त्याचे पाय खुजे होतात, त्यामुळेच मणक्यांमधील चकत्याही अकाली कठीण होतात. एखादी उडी निमित्त ठरते. चकती सरकून मज्जारज्जू दाबला जातो आणि मागचे पाय लुळे पडतात.

मग सुरू होते सेवा : अनेक आठवडे बंदिस्त विश्रांती, दिवसातून अनेकदा हातांनी मूत्राशय रिकामे करणे, कूस पालटणे. बोट चिमटताच त्याला कळ जाणवली, तर आशा वाढते. येथे वेदना हीच शुभवार्ता! काही पुन्हा चालतात, काहींना चाकांची गाडी लागते.

त्याला जगवणे ही दया की हट्ट? याचे उत्तर त्याच्या भुकेत, खेळण्यात आणि पावलांची चाहूल लागताच उजळणाऱ्या डोळ्यांत रोज शोधावे लागते.